लाकडाचं खुराडं, प्लास्टिकचं खुराडं आणि आक्कांची खुडूक कोंबडी

आमच्या शेडमध्ये शिरलेला माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो आणि शेवटी अवघडलेल्या चेहऱ्यानं आमच्याकडे बघतो. डावीकडे माझी लाकडाची खुराडी असतात, उजवीकडे इक्बालभाईंची प्लास्टिकची. मध्ये बाकड्यावर आम्ही दोघं चहा पीत बसलेलो. परसात चार कोंबड्या पाळायच्या म्हणून हौसेनं घरून निघालेल्या माणसाला इथं आल्यावर कळतं, की कोंबड्यांच्या आधी दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला नाराज करायचं आहे.

तसे आम्ही मनावर घेत नाही. म्हणजे इक्बालभाई घेतात, पण दाखवत नाहीत. मी घेतो आणि दाखवतो.

आमची ही शेड कासारवाडी स्टेशनच्या मागच्या अंगाला आहे. खुराडी बनवणं हा काही आमचा मूळ धंदा नव्हे. माझी उभी हयात चाकणला पॅकिंगच्या कामात गेली. खोकी बनवतो असं सांगितलं की लोकांना बुटांची खोकी आठवतात. आमच्या खोक्यांत अख्खी यंत्रं बसत. जहाजातून परदेशी जायची, महिनाभर खाऱ्या हवेत राहायची आणि तिकडे उघडल्यावर आत थेंबभर पाणी सापडता कामा नये, असं ते काम. इक्बालभाई तळेगाव दाभाड्याचे. त्यांनी भोसरीकडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या साच्यांवर शिफ्टा केल्या. गाड्यांचे सुटे भाग ठेवायचे निळे क्रेट, ट्रे, पिंपं, असलं सगळं त्यांच्या हातून निघायचं. एकाच पट्ट्यात दोघांनी आयुष्य काढलं, पण ओळख झाली ती निवृत्तीनंतर, भंगाराच्या गोदामात. मी मोडलेल्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या निवडत होतो, ते तडा न गेलेले क्रेट निवडत होते. दोघांनाही घरी बसवत नव्हतं. मेव्हण्यानं मला एक खुराडं करून मागितलं होतं आणि त्यांना त्यांच्या पुतण्यानं. बाकी काही ठरवावं लागलं नाही.

ती पहिली दोन खुराडी आठवली की आजही आम्ही हसतो. मी माझं खुराडं यंत्राच्या खोक्यासारखंच बांधलं. फळीला फळी अशी भिडवली की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. कोपऱ्यांना आतून-बाहेरून पट्ट्या मारल्या. खाली फोर्कलिफ्टचे दात घालायला जागा ठेवली. हात सवयीनं चालतो हो, डोकं नंतर येतं. इतकंच नाही, तर 'ही बाजू वर' असा बाण आणि काचेच्या पेल्याचं चित्रही रंगवून टाकलं. मेव्हण्याच्या शेजाऱ्यांना वाटलं, यानं घरात लेथ मशीन आणलं. पहिल्याच सकाळी कोंबड्या बाहेर आल्या त्या ओल्या होऊन. पाऊस नव्हता, दव नव्हतं. त्यांच्याच श्वासाची वाफ आत कोंडून त्यांच्याच अंगावर गळली होती. यंत्र श्वास घेत नाही, कोंबडी घेते, हा धडा मला साठी उलटल्यावर मिळाला.

इक्बालभाईंची तऱ्हा वेगळी. त्यांनी आतून बाहेरून गुळगुळीत असं देखणं खुराडं केलं. कारखान्यात मालावर ओरखडा दिसला की माल परत यायचा, त्यामुळे त्यांना ओरखड्याचा मनस्वी तिटकारा. त्या गुळगुळीत तळावर पुतण्याच्या कोंबड्या फरशीवर साबण सांडल्यासारख्या घसरत होत्या. बसायला आडवा दांडाही प्लास्टिकचाच आणि तोही चकचकीत. कोंबडी त्यावर चढायची, पंख फडफडवायची आणि हळूच मागे कलंडायची. इक्बालभाईंनी स्वतःच्या हातानं त्या दांड्यावर कानस मारली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते असं पुतण्या सांगतो.

आता विचारणाऱ्याला आम्ही जे सांगतो ते थोडक्यात सांगतो, कारण हे वाचून कुणीतरी कोंबड्या पाळायला निघेलच. लाकूड उन्हाळ्यात तापत नाही, हिवाळ्यात गारठत नाही आणि आतली ओल थोडी पिऊन घेतं. त्यावर कोंबडीची नखं ठरतात. पण लाकडाला सांधे असतात आणि सांध्यांत कोंबडीच्या तांबड्या उवा घर करतात. या उवा दिवसभर फटीत लपून राहतात आणि अंधार पडला की कोंबडीचं रक्त प्यायला बाहेर येतात. प्लास्टिकचं खुराडं नळाखाली धरून धुवावं, दहा मिनिटांत कोरडं. त्यात उवांना लपायला जागा नाही, वाळवी नाही, कुजणं नाही. पण चैत्रातल्या उन्हात ते असं तापतं की आत हात घालवत नाही. दोन्हीत वाऱ्याला वरच्या बाजूनं वाट ठेवायची आणि घुशीला खालून वाट ठेवायची नाही. एवढं कळलं की आमची निम्मी विद्या तुम्हाला आली.

राहिलेली निम्मी विद्या गिऱ्हाइकांनी शिकवली. तळेगावला बंगल्यांच्या वसाहतीत राहणारं एक जोडपं आलं होतं, दोघंही हिंजवडीला नोकरीला. त्यांना त्यांच्या बंगल्यासारखंच खुराडं हवं होतं, तसंच उतरतं छप्पर, तशीच खिडकी, तसाच रंग. मी जीव ओतून केलं. त्या बाईंनी दारावर चारही कोंबड्यांच्या नावांची पाटी लावली. आठवड्यानं त्यांचा फोन आला, की आमच्या मुली घरात राहायला तयार नाहीत. जाऊन पाहतो तर संध्याकाळी चौघी जणी त्या उतरत्या छपराच्या टोकावर ओळीनं बसलेल्या. झालं होतं असं, की आतला दांडा मी खिडकीच्या खाली लावला होता, खिडकीतून त्या दिसाव्यात म्हणून. कोंबडीला झोपायला जी सगळ्यात उंच जागा असेल तीच लागते. दांडा वर सरकवला, तशा चौघी आत गेल्या. खिडकीतून आता फक्त त्यांचे पाय दिसतात, पण जोडपं खूश आहे.

चाकणला एक सुपरवायझर भेटले. त्यांनी इक्बालभाईंचं खुराडं कंपनीत माल तपासतात तसं तपासून घेतलं. ठोकून पाहिलं, उलटं करून पाहिलं, वर उभे राहिले. सगळं पास. ऐन उन्हाळ्यात त्यांची तक्रार आली, की कोंबड्या दिवसभर माझ्या बुलेटखाली बसतात आणि मला कामावर जायला बुलेट काढता येत नाही. इक्बालभाईंनी उपाय सांगितला, की खुराड्यावर गोणपाट टाका आणि ते भिजवत राहा. त्यांनी तसं केलं. कोंबड्या गार खुराड्यात गेल्या, पण अंडी मात्र अजूनही बुलेटखालीच घालतात. सुपरवायझर आता बसनं जातात.

अशी आमची दोघांची जुगलबंदी मजेत चालली होती. त्यात मध्ये आल्या तान्हूआक्का.

आक्का पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली. आता मुलाचं तीन मजली घर आहे, खाली भाड्यानं दिलेले गाळे आहेत आणि मागे शेवग्याखाली एक अरुंद पट्टा आहे. त्या पट्ट्यावर फक्त आक्कांचं राज्य. तिथं त्यांच्या कोंबड्या असायच्या, काळ्या-तांबड्या, डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या. आक्का त्यांना झिपऱ्या म्हणत. लग्न होऊन मावळातून आल्या तेव्हा आईनं या कोंबड्यांची एक जोडी बरोबर दिली होती, तिचाच हा सगळा वंश. आईवडील गेले, भाऊ गेला, माहेरचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या गावातलं जितंजागतं असं काही उरलं होतं तर या कोंबड्या. आक्का हे रडून सांगत नसत. शेवग्याच्या शेंगा तोडता तोडता सहज सांगत, म्हणून ते जास्त लागायचं.

त्यांना मी लाकडाचं खुराडं करून दिलं होतं. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक. वाऱ्याला वाट, दांडा उंचावर, कोपऱ्यांना पट्ट्या. पुढे एका पावसाळ्यात त्या भागात कोंबड्यांमध्ये मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते आणि दोन दिवसांत खेळ संपतो. आक्कांच्या खुराड्यात एक म्हातारी झिपरी आणि एक कोंबडा एवढेच उरले. अंगण ओकंबोकं दिसतं म्हणून मुलानं मायेपोटी बाजारातून दोन कोंबड्या आणून सोडल्या. त्यांच्या अंगावरून उवा आल्या.

थंडी सरत आली होती. एका दुपारी आक्कांचा फोन आला. म्हातारी झिपरी खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसली होती. तिच्याखाली तिचीच अंडी होती. आणि ती आता अंडी सोडून सारखी उठत होती.

कोंबडी तीन आठवडे बसली तर पिल्लं निघतात. मध्येच ती उठून गेली आणि अंडी गार झाली की संपलं. या कोंबडीचं वय पाहता ती पुन्हा खुडूक होईल याचा काही भरवसा नव्हता. मी हत्यारांची पिशवी घेतली. इक्बालभाई उठले, उजवीकडचा एक निळा क्रेट उचलला आणि माझ्या मागे स्कूटरवर बसले. मला ते आवडलं नाही, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वरवर पाहता खुराडं स्वच्छ होतं. आक्का म्हणाल्या, हात घाला. मी हात घातला आणि बाहेर काढला, तर मनगटापर्यंत तांबडी पूड चढल्यासारखं दिसलं आणि ती पूड चालत होती. पटाशी घालून मी कोपऱ्याची पट्टी उचकटली. तिच्या मागे उवांचा थरच्या थर होता. यंत्राच्या खोक्याला बळकटी येते म्हणून आम्ही ज्या पट्ट्या मारतो, त्याच पट्ट्यांमागे त्यांचं गाव वसलं होतं. कोंबडी उठत होती कारण बसवत नव्हतं. तिची कलगी पांढरी पडली होती.

इक्बालभाई हळूच म्हणाले, की भाऊ, प्लास्टिक असतं तर धुऊन टाकलं असतं. मी म्हणालो, की प्लास्टिक असतं तर ती गेल्या उन्हाळ्यातच भाजून मेली असती. ते म्हणाले, की गोणपाट कशाला असतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आक्का मध्ये पडल्या.

"तुमचं भांडान तुमच्या शेडात घाला. हितं माझी कोंबडी उठाया लागलीया, तिचं काय ते बोला."

आम्ही कोंबडीकडे वळलो. औषध फवारायचं तर कोंबडी अंड्यांवर होती. खुराडं धुवायचं तर लाकूड भिजणार आणि उवा आत जाणार. एकच मार्ग उरला होता, कोंबडी आणि अंडी दुसरीकडे हलवायची. आणि खुडूक कोंबडी हलवणं हे किती धोक्याचं असतं ते आक्कांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जागा बदलली की ती बिथरते आणि अंड्यांकडे पाठ फिरवते.

आक्कांनी चुलीची चाळलेली राख आणली, कोंबडीला मांडीवर घेऊन पंखांखाली, पोटाखाली चोळली. इक्बालभाईंनी क्रेटच्या तळाला माती पसरली, वर नवं गवत घातलं आणि मुठीनं खळगा केला. मी एकेक अंडं कोरड्या फडक्यानं पुसून त्यात ठेवलं. सगळं कसं नीट झालं. मग आक्कांनी कोंबडीला अलगद त्यावर सोडलं.

ती उभी राहिली. एकदा अंड्यांकडे पाहिलं, एकदा निळ्या भिंतीकडे पाहिलं. उन्हं तिरपी होऊन क्रेटच्या भिंतीतून आरपार येत होती आणि आत सगळं निळंशार झालं होतं. कोंबडीनं टुणकन बाहेर उडी मारली आणि थेट माझ्या खुराड्याच्या दारात जाऊन उभी राहिली. उवा खात होत्या तरी तिला तेच हवं होतं. एरवी मला केवढा आनंद झाला असता. त्या वेळी मी ते दार हातानं लावून घेतलं.

दुसऱ्यांदा सोडली, पुन्हा तेच. आक्कांनी अंडी उचलून पदरात गुंडाळली आणि पोटाशी धरून बसल्या. मुलगा बाजूला उभा होता, तो चाचरत म्हणाला, की आई, यंत्रात उबवून घेऊ, भोसरीला एक जण आहे. आक्कांनी नुसती मान हलवली. पिल्लांना कोंबडीनंच शिकवायचं असतं, काय खायचं, घार आली की कुठं दडायचं. यंत्रातून निघालेली पिल्लं आक्कांच्या लेखी परकी होती.

मग इक्बालभाईंनी अंगातलं काळं जॅकेट काढलं. निवृत्तीला कारखान्यानं दिलेलं ते जॅकेट, ज्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. ते त्यांनी क्रेटवर पांघरलं. म्हणाले, "आम्ही माल दिसावा म्हणून क्रेट असे उजळ करायचो. हिला उजेड नकोय. हिला कुणी बघायला नकोय."

क्रेट आत अंधारला. तरी कोंबडी उभीच. आक्का उठल्या आणि भिंतीला टेकवलेलं बांबूचं डालगं घेऊन आल्या. कोंबड्या झाकायची ती मोठी टोपली सगळ्यांनी पाहिलेली असते. अंडी क्रेटमध्ये परत मांडली, कोंबडी वर ठेवली, डालगं क्रेटसकट तिच्यावर पालथं घातलं आणि वर ते जॅकेट. हलायला जागा नाही, बघायला उजेड नाही, खाली ऊबदार अंडी. आम्ही चौघंही कान लावून ऐकत होतो. आत थोडी धडपड झाली. मग शांत. मग अंडं अंड्याला लागल्याचा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ घशातल्या घशात कुर्रर्र.

"बसली," आक्का म्हणाल्या आणि जमिनीवर बसून त्यांनी डोळे पुसले. मी इक्बालभाईंचा हात धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. लाकूड की प्लास्टिक या आमच्या इतक्या वर्षांच्या वादात त्या दिवशी बांबू जिंकला.

दुसऱ्या दिवशी ते खुराडं मी टेम्पोत घालून माझ्या जुन्या कंपनीत नेलं. परदेशी जाणाऱ्या खोक्यांचं लाकूड आधी एका बंद खोलीत रचून, गाभ्यापर्यंत ऊब पोचेल इतकं तापवतात, म्हणजे त्यातली कीड आणि तिची अंडी मरतात. तिथं आता बीडकडचा एक माझा जुना जोडीदार असतो. गेटवर रखवालदारानं विचारलं, काय माल आहे. म्हटलं, खुराडं. कुठं जाणार? म्हटलं, पिंपळे गुरव. त्यानं मला बराच वेळ न्याहाळलं आणि आत सोडलं. जोडीदारानं मालाच्या रचलेल्या खोक्यांशेजारी ते मांडलं आणि भट्टी लावली. बाहेर काढल्यावर एक उवसुद्धा जिवंत नव्हती. परदेशी मालाला मारतात तो ठप्पा यावरही मार, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "मामा, ठप्पा मारून मला घरी बसवता का?" ते बरोबरच होतं. मी घरी आणून सगळ्या कोपऱ्यांच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि सांध्यांच्या फटी लांबी भरून बुजवल्या. तेव्हापासून माझ्या कुठल्याच खुराड्याला पट्टी नसते.

मधले दिवस आम्ही दोघं काही ना काही निमित्त काढून पिंपळे गुरवला जात होतो. मी खुराड्याची जागा मोजायला म्हणून, इक्बालभाई जॅकेट आणायला म्हणून. जॅकेट काही त्यांनी आणलं नाही. मग एका सकाळी आक्कांनी फोनवर काही न बोलता नुसता फोन खाली धरला आणि आम्हाला शेडमध्ये पिल्लांची चिवचिव ऐकू आली. शेडमधलं गिऱ्हाईक तसंच उभं राहिलं आणि आम्ही स्कूटरवर बसलो.

झुपके अजून फुटायचे होते. ओल्या कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं आईच्या पंखांखालून डोकी काढत होती. प्लास्टिकच्या तळावर कोवळे पाय फाकतात, म्हणून इक्बालभाईंनी स्वतःच सांगितलं, की आता यांना मिस्त्रींच्या, म्हणजे माझ्या, खुराड्यात हलवा. असं त्यांनी सांगितलं याचं मला इतकं बरं वाटलं, की मी म्हणालो, क्रेटही राहू द्या, पुढच्या खुडुकीला लागेल.

पिल्लं मोठी झाली तेव्हा आक्कांनी आम्हा दोघांना बोलावून एकेक नर आणि दोन-दोन माद्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, अर्धलीनं घेऊन जा. आमच्या गावांकडे ही जुनी रीत आहे. कोंबडी किंवा शेळी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची, दाणापाणी त्यानं करायचं आणि पुढे जी पिल्लं होतील ती दोघांत निम्मी निम्मी. आम्ही म्हणालो, आक्का, आम्ही कधी कोंबड्या पाळल्या नाहीत. ही खरी गोष्ट होती. इतकी खुराडी केली, पण दोघांच्याही दारात पीससुद्धा नव्हतं.

आक्का म्हणाल्या, "म्हून तर देतीया. एकाच दारात ठेवल्या तर पुन्यांदा एकदम जातील. तुमी घर बांधता, आता त्यात ऱ्हाऊन बघा."

कोंबड्या घरी आल्या तशी मी माझ्या बायकोला म्हणालो, की सगळ्यात चांगलं खुराडं काढून ठेवतो. तिनं विचारलं, धुणार कोण. ती म्हणाली, मला इक्बालभाईंचं हवं. त्या दिवशी निळं खुराडं डोक्यावर घेऊन मी आमच्या आळीतून चाललो होतो आणि ओळखीची सगळी माणसं नेमकी दारातच उभी होती. इक्बालभाईंच्या घरी उन्हाला छपराचा आडोसा नव्हता, तेव्हा भाभींनी लाकडाचं मागवून घेतलं. यावर आम्ही दोघंही एकमेकांशी बोलणं टाळतो.

खरं सांगायचं तर त्या कोंबड्यांनी मला जे सुख दिलं ते इतक्या वर्षांच्या कामानं दिलं नव्हतं. खोकं बांधून धाडलं की ते गेलं. आत काय झालं, तिकडे कुणी उघडलं, काही कळायचं नाही. इथं मी रोज सकाळी दार उघडतो आणि झुपकेवाल्या दोन बाया मला ओलांडून बाहेर जातात, मी तिथं नसल्यासारख्या. त्यांनी अंडी घातली, खुडूक झाल्या, पिल्लं काढली. अंगण भरलं. इक्बालभाईंकडेही तेच.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पिंपळे गुरवला पुन्हा मानमोडी आली. या वेळी आक्कांकडे एकही उरली नाही. लस टोचायची राहिली होती, मुलाची धावपळ, डॉक्टर उशिरा आले. आक्कांचा फोन आला नाही, तो मुलाचा आला. आई परसात जात नाही, म्हणाला.

आम्ही थोडे दिवस थांबलो. रोगाची हवा विरली, आक्कांचं खुराडं भट्टीत घालून आणलं, नव्या पिल्लांना लस टोचली. मग मी टेम्पो पाठवून आक्कांना आमच्या घरी आणलं. भाभींना आणि इक्बालभाईंनाही त्यांच्या कोंबड्यांसकट बोलावलं. अंगणात सगळ्या एकत्र सोडल्या. काळ्या, तांबड्या, कबऱ्या, आणि झाडून सगळ्यांच्या डोक्यावर तो झुपका.

आक्का दारातच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, की आक्का, तुमचा निम्मा वाटा निवडून घ्या, हक्काचा आहे. बायकोनं त्यांना पाट दिला, पण त्या बसल्या नाहीत. कोंबड्यांच्या मधोमध गेल्या, एकेकीला हात लावला आणि मग आमच्याकडे वळल्या.

"वाटा घेतला म्हंजी मिटलं, मिस्त्री. मिटलं की जानं-येनं संपतं. तसं नको. ह्यातल्या चार मला तुमीच द्या, अर्धलीनं. म्या सांभाळते. पिल्लं झाली की निम्मी तुमच्या दारात आनून घालीन."

इक्बालभाई म्हणाले, "आक्का, कोंबड्या तुमच्याच आहेत की."

"माझ्या हुत्या," आक्का म्हणाल्या. "आता माझ्या माहेरच्या हायेत. आन् माहेर हितं हाय."

आमच्या बायका आत गेल्या आणि ओटीचं ताट घेऊन आल्या. वयानं आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या असलेल्या आक्कांनी पदर पुढे केला आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या. भाभींनी तांदूळ घातले, माझ्या बायकोनं खण ठेवला. मग चार झिपऱ्या घेऊन आमची माहेरवाशीण सासरी निघाली. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यातच उभे होतो.